फुग्यांसाठी पंप: प्रकल्पाच्या नोंदी

३ ऑगस्ट

एअरबॅग बसल्या. धडक बसल्यावर स्टिअरिंगमधून उघडतात त्या नव्हेत, तर ट्रेलर ओढताना मागच्या पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) हातभार लावायला चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसतात ते रबरी गोळे. मेकॅनिक त्यांना सरळ ‘फुगे’ म्हणतो. मीही यापुढे फुगेच लिहिणार.

दोन फुगे, दोन वेगळ्या नळ्या आणि नंबर प्लेटच्या दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह, टायरला असतात तसलेच. टी-जोड लावून एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही भरता आले असते आणि नळीही वाचली असती. पण मग वळणावर बाहेरच्या अंगाचा फुगा दाबला गेला की त्यातली हवा आतल्या अंगाच्या फुग्यात पळणार, म्हणजे जिथे आधार हवा तिथेच तो ढिला पडणार. शिवाय माझ्या पिकअपच्या हौद्यात डाव्या बाजूला हत्यारांची पेटी कायमची आहे. दोन्ही बाजूंना वेगळी हवा भरता आली नाही तर गाडी त्या अंगाला कललेलीच राहील.

माहितीपत्रकात किमान ५ आणि कमाल १०० पीएसआय असं दिलंय. हवा मारणारे ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात तेच हे. अगदी शून्यावर गाडी चालवायची नाही, कारण रबराची घडी दोन प्लेटांमध्ये चिमटून कापली जाते.

आता राहिला फक्त पंप. अर्ध्या तासात उरकेल असं वाटतंय.

५ ऑगस्ट

हवा भरण्याआधी मापं घेतली. दोन्ही फुगे ५ वर, गाडी सपाट फरशीवर. चाकाच्या मधोमध जमिनीपासून कमानीपर्यंतची उंची:

ट्रेलर नसताना मागे डावी ९४८ मिलिमीटर, उजवी ९५७.
ट्रेलर जोडल्यावर मागे डावी ८८२, उजवी ८९२. पुढे दोन्हीकडे सुमारे १५ मिलिमीटर वर.

ट्रेलर सामानासकट २२०० किलो. त्याच्या जिभेचं, म्हणजे हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याच्या) बॉलवर येणारं वजन २६० किलो भरलं, म्हणजे एकूण वजनाच्या बारा टक्क्यांच्या आसपास. दहा ते पंधरा टक्क्यांत असावं असा दंडक आहे. त्याहून कमी असलं तर ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो. त्या बाबतीत ठीक आहे.

पण मागून पासष्ट मिलिमीटर खाली बसलेली गाडी बघायला बरी नाही. हेडलाइटचा झोत समोरच्या झाडाच्या शेंड्यावर गेलेला.

८ ऑगस्ट

पेट्रोल पंपावर गेलो, तिथल्या हवेवर भागेल म्हणून. डाव्या व्हॉल्व्हला नोझल लावलं, ‘फस्स’ झालं, काढलं. पाहतो तर ५ वरून थेट ५८! गाडीचा डावा मागचा कोपरा लंगड्या माणसाने टाच उचलावी तसा वर. मग पिन दाबून हवा सोडत बसलो: ५८, ३१, १४, पुन्हा थोडी भरली, ४४. पाचव्या प्रयत्नात २३ आलं आणि तेवढ्यावरच समाधान मानलं. मागे दोन गाड्या ताटकळत होत्या, त्यातल्या एकाने हॉर्न वाजवून आपलं मत कळवलं.

उजवीकडे हातच लावला नाही. घरी आलो.

९ ऑगस्ट

काल जे झालं ते का झालं, याचा हिशेब कागदावर केला. तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

एका फुग्यात मावणारी जागा अंदाजे अडीच लिटर. त्यात २० पॉइंट भरायचे तर बाहेरची साधी हवा लागते २.५ × २० ÷ १४.७ (बाहेरच्या हवेचा दाब, पॉइंटांत), म्हणजे साडेतीन लिटरच्या आत. दोन्ही मिळून सात. टायरशी तुलना करा: माझ्या गाडीच्या एका टायरमध्ये साठेक लिटर जागा आहे, आणि त्यात नुसते ५ पॉइंट वाढवायलाही वीस लिटर हवा लागते. म्हणजे दोन्ही फुगे तळापासून भरायला जेवढी हवा लागते, तिच्या तिप्पट हवा एका टायरची ‘जरा कमी वाटतेय’ एवढी तक्रार मिटवायला लागते.

पंप निवडताना मी आतापर्यंत ‘मिनिटाला किती लिटर’ आणि ‘कमाल किती पीएसआय’ हे दोनच आकडे बघत होतो. दोन्ही माझ्या कामाचे नाहीत. खोक्यावर १५० पीएसआय लिहिलेलं आहे आणि मला हवेत वीस. मिनिटाला ३५ लिटरचा पंप दोन्ही फुगे बारा सेकंदांत भरेल, आणि ते बारा सेकंदही जास्तच आहेत. शिवाय खोक्यावरचे ३५ लिटर बहुधा समोर काहीच दाब नसतानाचे असतात. दाब चढत जातो तसा तो आकडा घसरतो.

मग बघायचं काय? फुग्याचं दाब घेणारं क्षेत्रफळ अंदाजे १३० चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका पॉइंटला एका बाजूला नऊएक किलोचा फरक पडतो. आता स्वस्तातलं २०० पॉइंटांचं गेज घ्या. त्याची चूक पूर्ण पट्टीच्या तीन टक्के, म्हणजे ६ पॉइंट इकडे किंवा तिकडे. टायरला ते चालून जातं. मला वीस हवेत आणि आहेत चौदा की सव्वीस हेच कळणार नाही, म्हणजे पन्नासेक किलोंची आंधळी कोशिंबीर.

११ ऑगस्ट

गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा १२ व्होल्टचा पंप माझ्याकडे आहेच, टायरसाठी घेतलेला. आकडा ठरवून दिला की आपोआप थांबतो. आज त्याची परीक्षा.

२० लावले. घुर्र करून सुरू झाला आणि जेमतेम श्वास घेईपर्यंत थांबला. पडद्यावर २०. नळीचं टोक आट्यांचं आहे, ते फिरवून काढायला लागलो तर पाऊण फेरा होईपर्यंत फुसफुसत राहिलं. वेगळ्या गेजने मोजलं: १६.

पुन्हा केलं. १६. तिसऱ्यांदा जीव तोडून पटकन फिरवलं. १७.

कारण उघड आहे. आटे सैल होताना रबरी वायसर आधी सुटतं, पण व्हॉल्व्हची पिन अजून दाबलेलीच असते. तेवढ्या अर्ध्या-एक सेकंदात अर्धा-पाऊण लिटर हवा निसटते. टायरमधून पाऊण लिटर गेली तर गेजचा काटा हलल्याचं दिसतही नाही, म्हणून इतकी वर्षं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. अडीच लिटरच्या फुग्यातून तेवढी गेली की चार पॉइंट गायब.

मोजण्यातही तोच प्रकार. पेनासारखं गेज लागोपाठ तीनदा लावलं: १६, १५.५, १५. मी मोजत होतो की हवा सोडत होतो, देव जाणे.

उपाय म्हणून २४ लावून बघितले, निघताना चार जातील या हिशेबाने. एकदा २० आले, एकदा २१.५. काम होतं, पण अंदाजपंचे.

१२ ऑगस्ट

पिन आधी वर घेऊन मग सुटणारं नोझलही मिळतं असं मेकॅनिक म्हणाला. पंपाच्या नळीला ते लावता येईल. डोक्यात ठेवलंय.

१५ ऑगस्ट

मेहुणा आला होता. त्याचं मत पहिल्यापासून एकच: “भाऊजी, गाडीखाली कॉम्प्रेसर बसवून टाका. केबिनमध्ये दोन गेज, दोन बटणं. बसल्या जागी हवा कमी-जास्त.” त्याच्या बोलण्यात दम आहे हे मान्य. रोज वेगवेगळं वजन ओढणाऱ्याने, किंवा वाटेत दोन-तीनदा ट्रेलर सोडून पुन्हा जोडणाऱ्याने तेच करावं. पावसात चिखलात गुडघे टेकून व्हॉल्व्ह शोधायला नको.

पण त्यासाठी काय काय लागतं ते दोघांनी मिळून काढलं. असा कॉम्प्रेसर १५ अँपिअरपर्यंत सहज ओढतो. सॉकेटच्या फ्यूजला ते जेमतेम झेपतं, म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि बटणावर भार नको म्हणून रिले. बॅटरीपासून मागे पाच मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच पाऊण-एक व्होल्ट गळतो आणि मोटर कण्हत चालते. चार चौरस मिलिमीटरची हवी. कॉम्प्रेसरच्या तोंडातून निघणारी हवा तापलेली असते, तिथे प्लॅस्टिकची नळी थेट जोडली तर मऊ पडून सुटते. म्हणून आधी हातभर धातूच्या जाळीची नळी, त्यातच उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह, आणि मग पुढे प्लॅस्टिक. चाकांचा चिखल उडणार नाही अशी जागा. हवा आत घेणारं फिल्टर उंचावर, नाहीतर पाण्यातून गाडी गेली की कॉम्प्रेसर पाणी प्यायला मोकळा.

मेहुण्याला सगळ्यात जास्त भीती ‘ड्यूटी सायकल’ची, म्हणजे किती वेळ चालवून किती वेळ विसावा द्यायचा याची. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं आराम. फुग्यांसाठी हा प्रश्नच येत नाही, बारा सेकंदांत कोण दमतंय? हवेची टाकी जोडली किंवा त्यावरच चारही टायर भरायचे ठरवले तर मात्र तो आकडा पहिला बघावा. आणि खरं म्हणजे मेहुण्याला हवा आहे तो टायर भरायचा पंपच. फुगे हे निमित्त.

चहा झाला, वाद राहिला.

१७ ऑगस्ट

पुतण्या सायकलला हवा मारत होता. जाड टायरची डोंगरात चालवायची सायकल, तिचा उभा पंप: खाली पाय ठेवायची पट्टी, रुंद नळकांडं आणि बुडाशी मोठं गोल गेज. गेजवर शेवटचा आकडा ६०. मी पाच मिनिटं नुसता त्या गेजकडे बघत उभा राहिलो. पुतण्याला वाटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय.

पंप उचलून गाडीमागे नेला. व्हॉल्व्ह तोच बसतो. नोझलला आटे नाहीत, अंगठ्याने उचलायची खिटी आहे. खिटी वर केली की घट्ट, खाली पाडली की एकदम मोकळं.

५ वरून २० पर्यंत: आठ दांडे. दर दांड्याला जवळपास दोन पॉइंट. एक दांडा हळू, अर्धाच मारला तर काटाही तेवढाच सरकतो. खिटी पाडली, ‘टप्’ असा एकच आवाज. वेगळ्या गेजने मोजलं: १९.५.

पुन्हा पाचपर्यंत उतरवून पहिल्यापासून केलं. १९.५. उजवीकडे केलं. १९.५.

आठवडाभर मी मोटर, वायर, फ्यूज, रिले यांच्या मागे होतो आणि उत्तर पडवीत सायकलला टेकून उभं होतं. हे मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

१८ ऑगस्ट

पायाने दाबायचा पंपही बघितला, हातासरशी. नळी आखूड, गेज बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि गाडीमागे वाकून पायाने पंप दाबताना काटा वाचता येत नाही. बाद.

२० ऑगस्ट

ट्रेलर जोडून उंची पुन्हा घेतली. डावा २२, उजवा १८ ठेवल्यावर मागे डावीकडे ९२३, उजवीकडे ९३२. पूर्वीच्या उंचीवर पूर्णपणे आणायचं नाही हे ठरवूनच केलं होतं, पंचवीस मिलिमीटर खाली राहिली ते बरोबर आहे. मागून फार उचलली तर ट्रेलरचं नाक वर जातं आणि वजन त्याच्या शेपटाकडे सरकतं. ट्रेलर सपाट किंवा नाकात किंचित खाली असावा.

२२ ऑगस्ट

उजवा दोन दिवसांत १८ वरून ९ वर. डावा जागच्या जागी.

साबणाचं पाणी बाटलीत घेऊन प्रत्येक जोडावर मारलं. फुग्यावर काही नाही, व्हॉल्व्हवर काही नाही. फुग्याच्या डोक्यावर नळी खुपसायचा जो जोड आहे तिथे मात्र बारीक फेस, डाळ शिजताना भांड्याच्या कडेला येतो तसा. नळी बाहेर ओढली तर टोक तिरपं कापलेलं आणि चपटं झालेलं. वायर कापायच्या पक्कडीने मीच कापलं होतं, ३ तारखेला संध्याकाळी घाईत. त्या जोडात आत एक रबरी कडं असतं. नळी गोल आणि टोक काटकोनात असेल तरच ते चहूबाजूंनी धरतं. धारदार पात्याने बोटभर तुकडा सरळ कापून टाकला आणि आत टक्क लागेपर्यंत ढकलली. फेस बंद.

जाता जाता तीच नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधली. चार बोटं अंतर होतं, आता वीतभर आहे.

२६ ऑगस्ट

पहिली खरी फेरी. सकाळी गारठ्यात निघालो तेव्हा डावा २२, उजवा १८. दुपारी ऊन तापल्यावर मोजले तर २४ आणि २०. हवा भरलेली नाही, गाडी तीच, वजन तेच. पारा वीसेक अंशांनी चढला की एवढ्या दाबाला दोन-अडीच पॉइंट वाढतातच. त्यामुळे दुपारी बघून ‘जास्त झाली’ म्हणून सोडायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे कमी भरते.

गाडी चालवायला छान. उंचवट्यावर मागचा भाग पूर्वी आपटायचा, आता नाही.

गंमत झाली ती ट्रेलर सोडताना. कपलरची, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची, कडी उघडली आणि जॅक फिरवत ट्रेलरचं नाक उचलायला लागलो. नाक वर येतंय, त्याच्याबरोबर गाडीही वर येतेय. बॉल कपलरला सोडेना. आधी वाटलं कडी अडकली. मग उजेड पडला: वजन हलकं होतंय तसे पाटे आणि त्यात भरलेले फुगे गाडीला वर ढकलताहेत. जॅकच्या आधी फुगे उतरवायला हवे होते. पिन दाबायला हाताशी काही नव्हतं म्हणून किल्लीचं टोक वापरलं. डावा आधी उतरवला तर गाडी डावीकडे बसली आणि बॉल कपलरमध्ये आणखीच तिरका रुतला. मग दोन्हीकडे आळीपाळीने थोडी थोडी सोडली. ‘खट्’ करून सुटला.

व्हॉल्व्हची पिन दाबता येते अशी खाच असलेली धातूची टोपी आता व्हॉल्व्हवरच ठेवणार. आणि उतरवताना पाचच्या खाली जायचं नाही.

३० ऑगस्ट

वजनकाट्यावर गेलो. अ‍ॅक्सल वेगवेगळे मोजले.

ट्रेलर नसताना पुढे १३००, मागे ११५०.
ट्रेलर जोडून, फुगे ५ वर: पुढे १२००, मागे १५१०.
फुगे २२ आणि १८ वर: पुढे १२००, मागे १५१०.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात. गाडी सपाट दिसते, हेडलाइट रस्त्यावर आले, पण पुढच्या चाकांवरून गेलेले शंभर किलो परत आलेले नाहीत. येणारही नाहीत. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.३ मीटर. २६० किलो शेपटावर ठेवले की पुढून २६० × १.२५ ÷ ३.३, म्हणजे अठ्ठ्याण्णव किलो उचलले जातात. तराजूची दांडी ती. फुगा फक्त मागच्या अ‍ॅक्सल आणि चासीमधलं अंतर वाढवतो, वजन कुठे पडायचं ते बदलत नाही. गाडीची वजन पेलायची मर्यादाही त्याने वाढत नाही, कितीही मोठा पंप लावा.

पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकही हलके. याला वजन वाटणारं हिच लागतं, स्प्रिंगच्या दांड्यांचं. ते माझ्याकडे पडून होतं, फुगे आले म्हणून काढून ठेवलं होतं. माझंच शहाणपण.

२ सप्टेंबर

दांडे परत लावले. क्रम महत्त्वाचा: आधी फुगे ५ वर, मग दांड्यांचा ताण ठरवायचा, आणि सगळ्यात शेवटी हवा. आधीच हवा भरून मागचा भाग उचलून ठेवला तर दांड्यांना किती ताण द्यायचा ते कळतच नाही.

काट्यावर: पुढे १२६०, मागे १४१०. उरलेले चाळीस ट्रेलरच्या चाकांवर गेले.

आता त्याच उंचीला हवा लागते डावीकडे १६ आणि उजवीकडे १२. शंभर पॉइंटांचे फुगे, दीडशे पॉइंटांचे पंप आणि गरज सोळाची.

६ सप्टेंबर

मेहुण्याला सांगितलं. तो हसला नाही, त्याने पंप मागवून स्वतः दांडे मारून बघितले, गेज उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “पण टायर?” टायरला १२ व्होल्टचा आहे की. तो तसाच गाडीत राहील. पिन आधी सुटणारं नोझलही त्याला लावून घेतलंय, म्हणजे कधी हाताच्या पंपाचं वायसर गेलंच तर फुगेही त्यावर भरता येतील.

खालचा कॉम्प्रेसर रद्द. नळीत टी-जोड टाकून कायमची गेज बसवायचा विचारही सोडला. मोजताना जाणारी हवा वाचली असती, पण दर बाजूला तीन नवे जोड, आणि एका जोडाने काय केलं ते २२ तारखेला बघितलंय.

१९ सप्टेंबर

दोन आठवडे न बघता ठेवलेले फुगे मोजले, सकाळी: डावा १५, उजवा ११.५. नळ्या धरताहेत.

हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: पाचपासून डावीकडे सहा दांडे, उजवीकडे चार. सोडताना आधी हवा, मग जॅक.

पुतण्याने पंप परत मागितला. तसलाच नवा आणून दिला. त्याने नवा ठेवून घेतला आणि जुना मला दिला. गेजची काच एका बाजूने तडकलीये, १६ दिसतात.